पाटीवर १८२०, म्युझियमवाले म्हणतात १८२२. पोरांना काय सांगू?

औसेकर_काका

नमस्कार मंडळी. एका गोष्टीत अडकलोय म्हणून लिहायलोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मागच्या उन्हाळ्यात लेकीकडं अमेरिकेत होतो, ती मेरीलँडमध्ये राहते. जावई म्हणाले बाबा व्हाइट हाउसपुढं फोटो काढायला सगळेच जातात, चला तुम्हाला हॅरिएट टबमनच्या जन्मगावी नेतो. मला नाव ऐकून माहीत होतं तेवढंच, गुलामीतून पळालेली आणि मग पुन्हा पुन्हा माघारी जाऊन बाकीच्यांना सोडवून आणणारी बाई. चेसापीक बेचा लांबलचक पूल ओलांडला की सगळा सपाट मुलूख, दोन्ही अंगाला मका आणि सोयाबीन, खरंच सांगतो सोयाबीन, मी जावयाला म्हणलं एवढं विमानाचं तिकीट काढून तू मला औसा-निलंगा रोडवर आणलास का काय. फक्त माती काळी नाही आणि शेतं संपली की दलदल, पाण्यात उंच गवत आणि मधूनच वाळून पांढरी पडलेली झाडं उभी.

बकटाउन म्हणून जागा आहे. गाव म्हणावं असं काही नाही, एक चौरस्ता, एक जुनं दुकान, आणि पुढं रस्त्याच्या कडेला खांबावर धातूची जुनी पाटी. पाटीवर हॅरिएट टबमन, १८२० ते १९१३, आपल्या लोकांची मोझेस (बायबलमधला, आपल्या लोकांना गुलामीतून बाहेर काढणारा), स्वतः सुटली आणि आणखी तीनशेएक गुलामांना उत्तरेला नेऊन सोडवलं, यादवी युद्धात नर्स, वाटाड्या आणि हेर म्हणून काम केलं, असा मजकूर. पाटीमागं शेत, आत शिरायचं नाही, खाजगी आहे. आम्ही फोटो काढले, मी तर टोपी काढून उभा राहिलो दोन मिनिटं.

मग तिथून चर्च क्रीकला तिच्या नावाचं मोठं केंद्र आहे, २०१७ ला उघडलेलं, तिथं गेलो तर सगळंच वेगळं! जन्म १८२२ च्या सुमारास, सोडवलेली माणसं सत्तरच्या आसपास, खेपा तेरा. आणि वरून हे की जन्म बकटाउनचा नाहीच, तिथून मैलोगणती लांब पीटर्स नेक म्हणून भाग आहे तिथला. म्हणजे मी टोपी काढली ती चुकीच्या जागी.

आता अडचण अशी. १० मार्चला आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत सावित्रीबाईंचा स्मृतिदिन असतो, हेडमास्तर म्हणले काका वीस मिनिटं तुम्ही बोला. मी बघितलं तर हॅरिएट पण १० मार्चलाच गेली, १९१३ साली. सावित्रीबाई १० मार्च १८९७. एवढा योग आहे तर दोघींचं सांगावं म्हणलं, मागं फ्लेक्स पण लावायचाय. पण आकडे कुठले घालायचे? हेडमास्तर म्हणायलेत सरकारी पाटीवर जे आहे तेच सांगा, उगं पोरांच्या डोक्यात घोळ नको. शिवाय तीनशेचे सत्तर केले तर बाईचं मोठेपण कमी होईल असं मलाही आतून वाटायलंय. जाणकारांनी सांगावं.

गोदाकाठ

काका, पहिल्यांदा एक, पाटीवर तारीख चुकली म्हणून बाकीचं खोटं होत नाही आणि तुमची टोपी पण वाया गेली नाही, ती लहानपणी बकटाउनलाच होती, ते खरंच आहे. आता सविस्तर.

तीनशे माणसं आणि एकोणीस खेपा हे आकडे तिचं चरित्र लिहिणाऱ्या सारा ब्रॅडफर्ड बाईंच्या लिखाणातून पसरले. बाईंचा हेतू चांगला होता, हॅरिएटकडं पैसे नव्हते, पुस्तक विकून तिला मदत व्हावी म्हणून लिहिलं, पण घाईत लिहिलं आणि आकडा फुगला. हॅरिएट स्वतः १८५८-५९ मध्ये सभांमध्ये सांगायची की आठ-नऊ खेपा झाल्या आणि पन्नास-साठ माणसं आणली. नंतरच्या संशोधकांनी एकेक नाव धरून मोजलं तर तेरा खेपा आणि सत्तरेक माणसं निघतात, आणि तेवढ्याच लोकांना तिनं रस्ता समजावून दिला, ते आपापले पळाले. पाटी लागली तेव्हा हे काम झालेलं नव्हतं. पाटी लावणाऱ्यांनी खोटं लिहिलं नाही, त्यांना जे माहीत होतं ते ओतलं. आणि धातूत ओतलेलं दुरुस्त करायला कोण जातंय, आपल्याकडं तर ऑइल पेंटनं लिहिलेलं पण करत नाहीत.

जन्माचं प्रकरण याहून भारी आहे. तिच्या आईचं नाव हॅरिएट ग्रीन, सगळे रिट म्हणायचे. बाप बेन रॉस. दोघांचे मालक वेगळे! बेन हा अँथनी थॉम्पसन नावाच्या जमीनदाराचा, आणि रिट ही त्याच्या सावत्र मुलाच्या वाट्याची, एडवर्ड ब्रोडेसच्या. पोरगा अज्ञान असल्यामुळं त्याच्या मालमत्तेचा कारभार थॉम्पसन बघायचा. पुढं पोरगा मोठा झाला आणि दोघांचं हिशेबावरून वाजलं, कोर्टात गेले, तेव्हा थॉम्पसननं मी तुझ्या मालमत्तेवर काय काय खर्च केला म्हणून हिशेब मांडला. त्यात एक ओळ आहे, मार्च १८२२, रिटच्या बाळंतपणाला सुईण आणली तिला दोन डॉलर. बस. या एका ओळीवरून जन्म फेब्रुवारी-मार्च १८२२ धरतात, आणि त्या वेळी रिट थॉम्पसनच्या जागेवर होती म्हणून जन्मस्थळ पीटर्स नेक. बकटाउनला ते नंतर गेले, ब्रोडेस सज्ञान होऊन आपल्या शेतावर राहायला गेला तेव्हा, पोर लहान असताना.

म्हैस व्याली तर ढोरडॉक्टरचे पैसे वहीत लिहितात ना, तसली नोंद आहे ही. पोरगी जन्मली म्हणून कुणी लिहिलेलं नाही, खर्च झाला म्हणून लिहिलंय.

दुसरा पुरावा ती पळाल्यावरचा. १८४९ च्या सप्टेंबरात ती दोन भावांबरोबर निघाली, तर ब्रोडेसच्या बायकोनं (तोवर विधवा झाली होती) ३ ऑक्टोबरची जाहिरात दिली, तीनशे डॉलर बक्षीस, तिघांचे मिळून. त्यात हिचं नाव मिंटी लिहिलंय, कारण मूळ नाव अरामिंटा, आणि वय अंदाजे २७. वजा करा, १८२२ येतंय. भाऊ घाबरून माघारी फिरले, हिलाही आणलं, मग ती एकटीच निघून गेली.

सुमनबाई_मानवत

गोदाकाठ यांनी छान लिहिलंय. मी फक्त घरचं सांगते.

मी ३४ वर्षं जिल्हा परिषद शाळेत शिकवलं. जूनमध्ये शाळा उघडली की आईबाप लेकरू घेऊन उभे राहायचे, जन्मतारीख विचारली की "बाई, पोळ्याच्या दुसऱ्या दिशी झाला", "मोठ्या दुष्काळात झाली, मी खडी फोडाया जात होते तवा". साल कुठलं म्हणलं की माझ्याकडंच बघायचे, जणू काय मीच होते बाळंतपणाला. रजिस्टरात तर तारखेचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. सहा वर्षं पुरी दिसली पाहिजेत. मग काय, १ जून. माझ्या हातानं किती पोरं १ जूनला जन्माला घातली त्याचा हिशेब नाही. आता त्यातली काही स्वतः रिटायर व्हायला आलीत, ३१ मे ला अख्ख्या ऑफिसात हारांचा ढीग, आणि मला फोन करून म्हणतात बाई तुमच्यामुळं एक वर्ष आधी घरी बसायलो.

सासूबाईंना विचारलं तर म्हणायच्या "रझाकाराच्या वख्ताला मी पाळण्यात नव्हते, पळत होते". म्हणजे ४८ साली चार-पाच वर्षांच्या. आधार कार्डावर १ जानेवारी आहे.

तर औसेकर काका, तुमच्या हॅरिएटचंही तेच. मी थोडं वाचलं, तिनं स्वतः पेन्शनच्या कागदांत कधी १८२०, कधी १८२२, कधी १८२५ सांगितलंय. मृत्यूच्या दाखल्यावर १८१५ आणि थडग्याच्या दगडावर १८२०. बाई खोटारडी नव्हती, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. हे पोरांना सांगा. आमच्या भागातल्या पोरांना हे समजवावं लागत नाही, घरी आजी आहे की.

रोखठोक_बीड

सगळं ठीक आहे पण अमेरिकेतल्या पाटीवर एवढा काथ्याकूट काहून चाललाय कळंना. आमच्याकडं दिवाळी झाली की अख्खी गावं ट्रॅक्टरवर बसून कारखान्याला जातात, नवरा-बायको मिळून "एक कोयता" म्हणतात, माणसं दोन आणि मोजणीत कोयता एक. मुकादमाकडून उचल घेतलेली असती, फिटली नाही तर पुढच्या साली परत तोच मुकादम. कुणी मधूनच निघून गेला तर शोधत गाडी येती घरापर्यंत. आमच्या आज्यानं बारा वर्षं सालगडी म्हणून काढली, पाडव्याला साल ठरायचं, पाडव्याला संपायचं, आणि उसनवारी काही संपायची नाही. त्याच्या नावाची पाटी कुठंय? पोरांना हे सांगा की.

गोदाकाठ

रोखठोक भाऊ, रागावू नका, तुमचं दुखणं खरंय आणि वेठबिगारीचा कायदा १९७६ ला आला म्हणून ते संपलं असं कुणी म्हणत नाही. पण एक फरक ठेवा. तुमच्या आज्याला पोरगं झालं तर ते मालकाच्या वहीत मालमत्ता म्हणून चढत नव्हतं. तिकडं कायदाच तसा होता, आई गुलाम तर लेकरू जन्मतःच गुलाम आणि आईच्या मालकाचं. हॅरिएटच्या तीन थोरल्या बहिणी विकल्या, लांब दक्षिणेला, परत कधी दिसल्या नाहीत. म्हणून तर दोन डॉलरची ती ओळ वाचताना पोटात गोळा येतो.

आणि "अमेरिकेचं काहून" म्हणाल तर महात्मा फुल्यांनी १८७३ ला गुलामगिरी छापलं ते अर्पण कुणाला केलं? अमेरिकेतल्या ज्या लोकांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली त्यांना. तिकडची गुलामी कायद्यानं उठून तेव्हा आठच वर्षं झाली होती. पुण्यात बसलेल्या माणसाला त्या वेळी ते लांबचं वाटलं नाही, आपल्याला आता गुगल असून वाटायलंय.

रोखठोक_बीड

अर्पणपत्रिकेचं माहीत नव्हतं. बरोबर हाय. तरी पण आज्याच्या पाटीचं बोललो ते मागं घेत नाही.

दगडी_बारव

खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे, तोही इथिओपियातून गुलाम म्हणून विकत विकत इथपर्यंत आलेला आणि निजामशाहीचा वजीर झाला, खडकी (म्हणजे पुढचं औरंगाबाद) वसवली, नहर आणली. काका, त्याचं पण सांगा, आपलाच माणूस.

गोदाकाठ

सांगा, पण गुलामीविरुद्ध लढणारा म्हणून नको. अंबर स्वतः सुटला आणि मोठा झाला, त्याच्या फौजेत मात्र विकत आणलेले हबशी होतेच. कर्तबगार होता, त्यात वाद नाही. हॅरिएट सुटल्यावर माघारी गेली, गोष्ट तिथं वेगळी होते.

औसेकर_काका

सगळ्यांचे आभार. सुमनबाई, तुमचं वाचून बायकोला वाचून दाखवलं, तिचा पण १ जून आहे, दोन दिवस झाले हसायलीय.

आता दुसरी अडचण. तिकडं सगळे "अंडरग्राउंड रेलरोड" म्हणतात. मी भाषण लिहायला बसलो आणि "भुयारी रेल्वे" असं लिहिलं, नातवानं वाचलं आणि विचारलं आजोबा मेट्रोनं पळाली का? याला मराठीत काय म्हणू?

परभणी_पॅसेंजर

काका 😂 मेट्रो! खरं तर रेल्वेच नव्हती ती. पळून जाणाऱ्यांना लपवणारी, जेवण देणारी, पुढच्या घरापर्यंत पोचवणारी माणसांची साखळी होती, काळे स्वतः, काही गोरे, क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचे लोक, आणि कुणाला कळू नये म्हणून बोलताना रेल्वेचे शब्द वापरायचे, लपायचं घर म्हणजे स्टेशन, नेणारा तो कंडक्टर. हॅरिएट कंडक्टर. म्हातारपणी ती सांगायची की माझी गाडी कधी रुळावरून घसरली नाही आणि एकही पॅसेंजर गमावला नाही. (माझ्या पॅसेंजरबद्दल असं कुणी म्हणणार नाही, कालच पूर्णेला दीड तास उभी होती.)

तुम्ही सरळ "भूमिगत" म्हणा की! आपल्याकडं हा शब्द कुणाला समजवावा लागत नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामात आमचे पणजोबा भूमिगत होते असं घरोघरी सांगतात, रात्री वाड्यावर भाकरी पोचवायच्या, दिवसा कडब्याच्या गंजीत लपवायचं, पुढं सरहद्दीवरच्या कॅम्पवर नेऊन सोडायचं. "भूमिगतांची वाट" म्हणा, पोरं घरी जाऊन आजोबाला विचारतील.

सुमनबाई_मानवत

पॅसेंजरभाऊंनी शब्द एकदम बरोबर काढला. लहान पोरांना आकडे कमी आणि वस्तू जास्त सांगा काका. त्या दुकानाचं सांगा ना, तुम्ही चौरस्त्यावरचं जुनं दुकान लिहिलंय ते तेच का?

औसेकर_काका

हो बाई, तेच. आता बंद असतं, लाकडी, बुटकं, पायऱ्या आहेत. हॅरिएट बारा-तेरा वर्षांची असताना तिथं सामान आणायला गेली होती, तेवढ्यात एक गुलाम पोरगा काम सोडून आला म्हणून मुकादम त्याच्या मागं आला, हिला म्हणला धर त्याला बांधायला मदत कर, हिनं नाही म्हणलं, पोरगा पळाला आणि मुकादमानं काउंटरवरचं दोन पौंडाचं वजन उचलून फेकलं, म्हणजे आपलं किलोच्या मापाला थोडंसं कमी, ते त्याला न लागता हिच्या कपाळात बसलं. औषधपाणी काही नाही. पुढं जन्मभर तिला बोलता बोलता मध्येच गाढ झोप लागायची. असल्या बाईनं रात्रीच्या अंधारात दलदलीतून माणसं नेली, हे मला तिथं उभं राहून खरं वाटंना.

किलोचं माप शाळेत घेऊन जातो. आमच्या दुकानात जुनं लोखंडी आहे.

गोदाकाठ

माप नक्की न्या. आणि सत्तरवर मोठेपण कमी होईल म्हणलात त्याबद्दल एकच, २ जून १८६३ ला साउथ कॅरोलायनात कॉम्बाही नदीवर सैन्याच्या बोटी घेऊन छापा घातला त्यात ती वाटाडी होती, त्या एका धाडीत सातशेच्या वर माणसं सुटली. आकडाच पाहिजे असला तर हा घ्या. पण सत्तर माणसांतली कितीतरी तिच्या घरची होती, भाऊ, १८५७ ला म्हातारे आईबाप, ते पोरांना जास्त भिडेल.

औसेकर_काका (११ मार्च)

झालं काल. रिपोर्ट द्यायचा म्हणून लिहितो.

फ्लेक्सवाल्याचा आदल्या रात्री साडेनऊला फोन, काका सावित्रीबाईंची ३ जानेवारी १८३१ टाकली, या दुसऱ्या बाईंची जन्मतारीख राहिली. मी म्हणलं "१८२२ च्या सुमारास" असं टाक. तो म्हणला सुमारास असं फ्लेक्सवर कोण लावतंय, वाढदिवसाचा असो का श्रद्धांजलीचा, तारीख पक्की लागती. बरीच हुज्जत झाली. शेवटी टाकलं त्यानं, पण बारीक अक्षरात.

वीस मिनिटं दिली होती, चाळीस घेतली. मापाचा तर विषयच निराळा, रांगेतून फिरवलं, प्रत्येकानं हातात घेऊन बघितलं, एका पोरानं कपाळाला लावून बघितलं आणि गप्प बसला. बकटाउनच्या पाटीचा फोटो मोबाइलवर दाखवला आणि सांगितलं की यावर दोन गोष्टी जुन्या माहितीच्या आहेत, ओळखा. सातवीच्या एका पोरीनं विचारलं, "सर, सुईणीला दोन रुपये दिले ते वहीत हाय, मग बाळाचं नाव का नाही लिहिलं?" मी सांगितलं की वही खर्चाची होती. ती म्हणली मग खर्चात आईचं नाव कसं आलं? मला पटकन सुचंना. हेडमास्तर मध्ये पडून म्हणले आईवर खर्च झाला म्हणून. पोरगी बसली पण तिचं समाधान झालं नव्हतं, तोंडावरून दिसत होतं.

सुमनबाई, तुमच्या सांगण्यावरून पोरांना घरी आजी-आजोबांची जन्मतारीख विचारून यायला सांगितलंय, आधार कार्डावरची एक आणि ते तोंडानं सांगतात ती एक. सोमवारी आणणार आहेत. रोखठोक भाऊ, सालगडी राहिलेलं कुणी असलं तर ते पण लिहून आणा म्हणलंय, पाडव्याआधी.

रोखठोक_बीड

आलं की इथं टाका काका. आमच्या आज्याचं मी लिहून देतो, साल माहीत नाही, पण कुणाच्या वाड्यावर होता ते माहीत हाय.